हाली आणि कलदार

गेल्या ईदेला भाचा हसनाबादला आला. संगणक अभियंता. हातात दोन नोकऱ्या, एक पुण्याची, एक हैदराबादची. "मामू, आकडा पुण्याचा मोठा आहे," म्हणाला. पण चेहऱ्यावर खुशी नव्हती. भाडं, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च त्यानं कागदावर मांडला होता.

मंडळी, हा हिशेब आमच्या मुलखाला नवा नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. इथं हाली सिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि जालन्याच्या फलाटावर उभ्या माणसापुढं दोन वाटा आल्या. एक मनमाडवरून मुंबईची, दुसरी हैदराबादची. मुंबईचे साठ कलदार आणि हैदराबादचे सत्तर हाली यांचं मोल एकच. आकडा पाहून भुलणारा मात्र फसे.

माझे दादा मुंबईच्या गिरणीत होते. गावी येताना ते कलदार आणत, तेव्हा सहाचे सात झाल्याचा घरात आनंद होई. पण चाळीतली खोली नि खानावळ यांनी आधीच किती खाल्लं, हे त्या दरात दिसत नसे. ते मोजायला मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं १९२१ पासून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात केली. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरून महागाई मोजली जाई. पुढं महागाई भत्ता अशाच निर्देशांकांवर ठरू लागला.

१९५९ मध्ये हाली कायमचा बंद झाला. आता रुपया सगळीकडे एकच दिसतो, म्हणून फसगत जास्त. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात पुणे, मुंबई, हैदराबाद एकाच वर्गात आहेत. पण घरमालक तो वर्ग पाहून भाडं सांगत नाही.

मी भाच्याचा कागद वाचला. "यात घरी पाठवायचे कुठं आहेत?"

"उरले तर पाठवीन, मामू."

"दादा ती रक्कम आधी बाजूला काढत. उरलेल्यात मुंबई भागवत."

त्यानं कागद उलटला. पहिल्या ओळीत अम्मीची रक्कम लिहिली आणि दोन्ही शहरं पुन्हा मांडली. हैदराबादच्या बाजूला जास्त उरत होतं. तो तिकडंच गेला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बहिणीच्या खात्यात पैसे येतात.