श्वानांचे त्वचारोग आणि जीवदया : एक ऐतिहासिक मागोवा

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजेच 'अजब बंगल्या'च्या संग्रहात चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडनजीकच्या देवटेक येथील एक शिळा आहे. तिच्यावर दोन लेख कोरलेले असून त्यांपैकी जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीत आहे. तो बराच झिजलेला आहे. तथापि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाचनानुसार ती कोण्या स्वामीची आज्ञा असून तीत प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख याच्याही एक पाऊल पुढे जातो. मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे, तसेच औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावल्याचे त्यात नमूद आहे. मारू नये ही एक आज्ञा, बरे करावे ही दुसरी. विदर्भाच्या भूमीत पहिली आज्ञा सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली. दुसरी मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याच्या सडलेल्या कातडीपर्यंत पोहोचण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

श्वानाला आपल्या परंपरेत स्थान नाही असे नव्हे. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला श्वान सर्वांना ठाऊक आहे. खंडोबाच्या व दत्तात्रेयांच्या सान्निध्यातही श्वान आहेत. परंतु कोणाला हिणवायचे झाल्यास 'लूत लागलेले कुत्रे' हाच शब्दप्रयोग मराठी माणसाच्या ओठी येतो. केस झडलेले, कातडी जाड व काळी पडलेली, अंगाला दुर्गंधी येणारे कुत्रे दिसले की दयेचा हातही आखडतो. प्राचीन पशुवैद्यकाचा भर राजाच्या उपयोगी पडणाऱ्या प्राण्यांवर होता. शालिहोत्राचे नाव अश्वचिकित्सेशी जोडलेले, पालकाप्याचे गजचिकित्सेशी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात श्वानांचे प्रकरण आहे, पण ते राजाच्या मनोरंजनाच्या अंगाने, शिकारी कुत्र्यांविषयी. गल्लीतले कुत्रे कोणाच्या मालकीचे नाही, म्हणून कोणत्या वैद्याच्या वाट्याचेही नाही, अशीच स्थिती दीर्घकाळ राहिली.

या उपेक्षेला अपवाद ठरली ती पश्चिम भारतातील पांजरपोळांची परंपरा. १५८३ ते १५९१ या काळात पूर्वेकडे प्रवास केलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच याने खंबायत येथे लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी व पक्ष्यांसाठी रुग्णालये असल्याचे आश्चर्याने नोंदवून ठेवले आहे. आपल्या प्रांतात या परंपरेला संस्थेचे रूप आले ते मुंबईत, आणि तेही एका दंगलीतून. कुत्र्यांना ठार करण्याची मोहीम कंपनी सरकार उन्हाळ्यात राबवीत असे व प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस देई. १८३२ च्या जून महिन्यात या मोहिमेची मुदत वाढविली गेली. पारशी समाजात श्वानाला धार्मिक महत्त्व आहे. तो समाज रस्त्यावर उतरला, जैन, हिंदू व मुसलमान व्यापाऱ्यांनी त्याला साथ दिली, दुकाने बंद झाली आणि कोटातील फौजेची रसदही अडली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांच्यासारख्या धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ज्या संस्थेला आज आपण गाईंची संस्था समजतो, तिच्या जन्मामागे कुत्रे होते ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

पांजरपोळीने जीव वाचविले. त्वचारोग मात्र तिला आवरता येणे कठीण होते, आणि त्याचे कारण दयेच्या कमतरतेत नसून रोगाच्या स्वभावात आहे. ज्याला सर्वसामान्य माणूस सरसकट 'लूत' म्हणतो, ते प्रत्यक्षात अनेक निरनिराळे रोग आहेत. त्यांतील खरी खरूज सार्कोप्टीस नावाच्या आठपायी सूक्ष्म किड्याने होते. याची मादी कातडीत बोगदा पोखरून अंडी घालते आणि सुमारे तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. कानांच्या कडा, कोपरे आणि पोट येथे आरंभ होतो. खाज इतकी तीव्र असते की, कानाची कड बोटांनी चोळताच कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजविण्यासाठी हलू लागतो. हा रोग स्पर्शाने पसरतो. एक रोगी कुत्रे दहा निरोगी कुत्र्यांच्या कोंडवाड्यात ठेवले तर काही आठवड्यांत अकराही कुत्री खाजवू लागावीत! माणसांच्या खरजेमागे असाच किडा आहे हे इटलीतील बोनोमो याने १६८७ मध्येच दाखवून दिले होते. तरीही 'रक्त बिघडले' हेच निदान पुढे दीडशे वर्षे युरोपात आणि त्याहून अधिक काळ आपल्याकडे चालत राहिले.

मुंबईत दिनशा माणेकजी पेटिट यांनी १८८३ मध्ये पत्नी साकरबाई यांच्या नावे परळ येथे प्राण्यांच्या रुग्णालयाची स्थापना केली. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी श्वानांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आश्रय आणि चिकित्सा या गोष्टी एका कुंपणात आल्या त्या येथे.

नागपूरला हा योग येण्यास आणखी बहात्तर वर्षे जावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये सेमिनरी हिल्सच्या परिसरात नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पुढे ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेले. ३ डिसेंबर २००० रोजी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच स्थापन झाल्यावर त्याच्या छत्राखाली आले. आरंभीच्या काळात अशा महाविद्यालयांचा भर स्वाभाविकपणे गाय, बैल व म्हैस यांवर होता. पुढे वस्त्या वाढल्या, घरोघरी कुत्री पाळली जाऊ लागली आणि चिकित्सालयाच्या बाकांवर खाजविणारी कुत्री दिसू लागली. नागपूरचा मे महिना कातडी कोरडी करतो; त्यामागून येणारा पावसाळा ओल, गोचीड, पिसवा आणि बुरशी घेऊन येतो. 'दरवर्षी पावसाळ्यात हिचे हेच होते' ही मालकांची तक्रार म्हणूनच इतकी परिचित आहे.

हे वर्षानुवर्षे उलटणारे दुखणे समजण्यास विज्ञानालाही पुष्कळ वेळ लागला. केसांच्या मुळांशी राहणारा डेमोडेक्स हा किडा १८४० च्या दशकात ओळखला गेला; परंतु त्याचे वर्तन सार्कोप्टीसच्या अगदी उलट आहे. तो जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या कातडीत असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध पिताना, तो आईकडून पिलाकडे येतो आणि प्रतिकारशक्ती शाबूत असेतो निमूट राहतो. ती ढासळली की त्याची संख्या बेसुमार वाढते, डोळ्यांभोवती व पुढच्या पायांवर चट्टे पडतात आणि मग जीवाणूंमुळे पू होतो. म्हणजे येथे संसर्गाला दोष देऊन कुत्र्याला हाकलण्यात काहीच अर्थ नसतो. ही प्रवृत्ती आनुवंशिक असल्याने अशा मादीची वीण होऊ न देणे, हाच पुढच्या पिढीसाठी उपाय ठरतो. प्रौढ वयात हा रोग प्रथमच उद्भवला तर आत दुसरे काही दुखणे दडले आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो.

तिसरे कारण तर कोणत्याच किड्याचे नाही. १९४१ मध्ये अमेरिकेतील वैद्य विटिच यांनी एका कुत्र्यात माणसांप्रमाणेच परागकणांची ॲलर्जी असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे कळून आले की, धूळ, पराग, घरातील सूक्ष्म जीव किंवा पिसवेची लाळ यांची ॲलर्जी हेच वारंवार उलटणाऱ्या खाजेचे एक प्रमुख कारण आहे. अशा कातडीवर यीस्ट आणि जीवाणू सहज फोफावतात. त्यांतील मॅलेसेझिया पॅकिडर्मॅटिस या यीस्टची कथा गमतीची आहे. ते १९२५ मध्ये वीडमन यांना प्रथम सापडले ते कुत्र्यात नव्हे, तर कातडी सोलवटून निघालेल्या एका भारतीय गेंड्यात!

या तिन्हींना एकच नाव आणि एकच औषध दिले गेले, येथेच खरा घोटाळा झाला. करंज तेल, कडुलिंबाचा पाला, गंधकाचे मलम ही जुनी औषधे निदान घातक नव्हती आणि गंधकाचा खरजेवर उपयोगही होई. गॅरेजमधले जळके ऑइल अंगाला फासण्याची प्रथा मात्र क्रूरच म्हटली पाहिजे. कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. १९४९ नंतर कॉर्टिसोन व त्याच्या वंशातील स्टेरॉइड औषधे आली. एका इंजेक्शनने रात्रीत खाज थांबते, मालक प्रसन्न होतो. पण ज्याच्या अंगात डेमोडेक्स आहे त्याची प्रतिकारशक्ती त्याच इंजेक्शनने आणखी खचते आणि महिन्याभराने रोग दुप्पट होऊन परततो. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांनी असेच केले. उलटणारा रोग कित्येकदा औषधानेच पोसलेला असतो.

किड्यांवरील उपायांचे चित्र १९८० नंतर पालटले. जपानमधील इतो शहराजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी मिळविलेल्या जीवाणूपासून, विल्यम कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेतील कामातून, आयव्हरमेक्टिन हे औषध निघाले आणि १९८१ मध्ये पशूंसाठी बाजारात आले. या दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. कोली व तत्सम जातींच्या काही कुत्र्यांना ते का बाधते, याचे आनुवंशिक कारण २००१ मध्ये स्पष्ट झाले. २०१३-१४ पासून आयसोक्झाझोलीन गटातील गोळ्या आल्या. त्यांतील काहींचा परिणाम एका मात्रेत बारा आठवड्यांपर्यंत टिकतो. ज्या भटक्या कुत्र्याला दर पंधरवड्याला पकडून, केस कापून औषधी पाण्याने अंघोळ घालणे अशक्य होते, त्याला आता पशुवैद्याच्या सल्ल्याने घासातून गोळी देता येते. हा बदल मोठाच आहे.

येथे जीवदयेच्या उपासकापुढे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. श्वान पंचेंद्रिय जीव आहे. पण गोचीड, उवा, किडे हेही जीवच. गुजरातेतील काही जुन्या पांजरपोळांत किड्यांसाठी 'जीवातखाना' असे, इतकी ही जाणीव सूक्ष्म होती. कुत्र्याला बरे करणारे औषध हजारो किड्यांचा अंत करते. जैन आचारात गृहस्थासाठी संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असा हिंसेचा भेद केला आहे आणि त्यातील संकल्पी हिंसेचा त्याग त्याच्यासाठी अनिवार्य मानला आहे. पीडिताच्या रक्षणासाठी दिलेले औषध त्या कक्षेत येते काय, याबद्दल मतभेद होऊ शकतात. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ॲलर्जीने खाजविणाऱ्या कुत्र्यावर किडे मारण्याचे औषध ओतले तर कुत्रे बरे होत नाही आणि हिंसा विनाकारण घडते. या दृष्टीने कातडी खरवडून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे अहिंसेचेही साधन ठरते.

आश्रयाच्या बाजूनेही असाच वाद एकदा गाजला होता. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातील साठ कुत्री मारविली आणि जैन समाजात क्षोभ उसळला. महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'तील लेखमालेत साराभाईंची बाजू घेतली, त्यामुळे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांच्या निष्कर्षाशी सहमत होणे अनेकांना जड गेले, आजही जाईल. पण त्यांनी ठेवलेले बोट खऱ्या दुखण्यावर होते. वाटेवरच्या कुत्र्याला तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे, त्याची जबाबदारी घेणे ही दया, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शहाण्णव वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी ती दत्तक घ्यावीत असे म्हटले, तेव्हा जवळजवळ तोच प्रश्न नागपूरकरांच्या दारी आला. त्या आदेशातील दंडात्मक भागाला पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दरम्यान २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. निर्बीजीकरणाने डेमोडेक्सची आनुवंशिक साखळीही तुटते, हा त्यातील फारसा न बोलला जाणारा लाभ.

डेमोडेक्सचा रोगी बरा झाला असे पशुवैद्य केव्हा म्हणतात? केस परत आले म्हणजे नव्हे. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून पाहिल्यावर दोन्ही वेळा किडा सापडला नाही, म्हणजेच. घरच्या कुत्र्याला दुसऱ्या तपासणीसाठी त्याचा मालक घेऊन येतो. वस्तीवरच्या कुत्र्याच्या बाबतीत ते काम त्याला रोज पोळी घालणाऱ्या हातांनाच करावे लागते, कारण तेवढ्याच हातांजवळ ते विश्वासाने येते.