किल्वाचे सोने, बेलेंचे पात्र

कॅथलिक उपासनेतील जुन्या सोन्याचांदीच्या पात्रांकडे आपण बहुधा कारागिरीचे नमुने म्हणून पाहतो. वस्तुतः त्यांच्या घडणीमागे धर्मसिद्धान्त उभा असतो. मिस्सेतील भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात रूपांतर होते, हे मत १२१५ च्या लॅटरन परिषदेने अधिकृतपणे मांडले. १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या चर्चला लागू केला. भाकर आता सेवनाइतकीच दर्शनाचीही वस्तू झाली. त्या दर्शनाचे पात्र म्हणजे मॉन्स्ट्रन्स. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘दाखवणे’ असा आहे.

लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयातील बेलेंचे मॉन्स्ट्रन्स १५०६ मध्ये पूर्ण झाले. सोन्यावर मीनाकाम असलेल्या या पात्रात मधल्या काचेभोवती बारा प्रेषित गुडघे टेकून बसले आहेत. त्यांच्यावर पवित्र आत्म्याचे कबुतर आणि त्याहून वर देवपिता. पुत्राची मूर्ती इथे नाही, कारण काचेत ठेवलेली भाकर हाच पुत्र. भाकर आत आली की त्रैक्य एका उभ्या रेषेत पूर्ण होते. त्याच रेषेत खाली, दांड्यावर, राजा पहिला मानुएल याचे चिन्ह असलेले खगोल गुंफले आहेत.

हे सोने आले कोठून, ते पायथ्याचा लेखच सांगतो: किल्वाच्या खंडणीतून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील या मुस्लिम राज्याला वास्को द गामाने १५०२ मध्ये तोफांचा धाक घालून खंडणी भरायला लावली. १५०५ मध्ये अल्मेदाच्या आरमाराने ते नगर लुटले. म्हणजे पात्र पुरे होण्याआधीच खंडणी देणारे उद्ध्वस्त झाले होते. राजाला हा उल्लेख लपवावासा वाटला नाही. त्याच्या दृष्टीने ती विजयाची पहिली फळे देवाला वाहणेच होते.

हे पात्र घडवणारा सोनार झील व्हिसेंत. याच नावाचा नाटककार पोर्तुगीज रंगभूमीचा जनक मानला जातो. १५१३ च्या एका राजपत्रावरील टीप सोनार व्हिसेंतला कवी म्हणते. तरीही दोघे एकच का, हा वाद अभ्यासकांत चालू आहे. ते एकच असतील, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. १५०९ च्या ‘आउतु दा इंडिया’ या प्रहसनात हिंदुस्थानच्या सफरीवरून परतलेला नवरा आपण केलेली लूटमार बायकोला सहज सांगून जातो. ज्या लुटीवर सोनाराने पावित्र्याची झळाळी चढवली, तिचे नाव नाटककाराने भर दरबारात हसत हसत उच्चारले.

पात्रातील प्रतीके वाचताना म्हणूनच पायथ्याचा लेखही वाचावा. प्रेषितांच्या नजरा वर लागलेल्या आहेत. किल्वाचे नाव मात्र खाली, जिथे साऱ्या पात्राचा भार पडतो तिथे आहे.