कर्जदार म्हणजे गद्दार? एका संशयाचा इतिहास

अमेरिकेत सरकारची गोपनीय कागदपत्रे हाताळायची तर 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागतो. त्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: मागच्या सात वर्षांत तुमचे कुठले कर्ज १२० दिवसांपेक्षा जास्त थकले होते काय? क्लिअरन्स नाकारला की बहुधा ते कामही जाते. कर्जबाजारी माणूस शत्रूला विकला जाईल, हा यामागचा तर्क. वरवर पाहता तो सरळ वाटतो. पण सावकारी आणि वेठबिगारी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजातून आलेल्या आम्हाला विचारावेच लागते: कर्ज कोणाचे आणि संशय कोणावर?

१९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला. डोरोथी बेली ही कृष्णवर्णीय कर्मचारी आणि कामगार संघटनेची पुढारी त्यात भरडली गेली. सुनावणीत तिला विचारले गेले की, काळ्या-गोऱ्यांचे रक्त वेगळे ठेवण्याबद्दल तुम्ही रेडक्रॉसला पत्र लिहिले होते काय? मित्रांनो, रक्ताचीही शिवाशिव पाळणारी व्यवस्था त्याबद्दल बोलणाऱ्यांच्या निष्ठेवरच बोट ठेवत होती! आरोप करणाऱ्यांची नावे तिला सांगितली गेली नाहीत. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते ४ विरुद्ध ४ अशी समसमान पडली आणि तिची बडतर्फी कायम राहिली.

१९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या हुकूम क्रमांक १०४५० ने निष्ठेला आणखी एक कसोटी जोडली: हा माणूस दबावाला बळी पडेल काय? कर्जावरच्या संशयाला हीच कसोटी आधार देते.

आता दुसरा माणूस पाहा. ऑल्ड्रिच एम्स, गोरा, सीआयएचा अधिकारी. बापही त्याच संस्थेत. घटस्फोट आणि कर्जाने घेरलेल्या एम्सने १९८५ मध्ये सोव्हिएत संघाला माहिती विकली. सुरुवातीलाच ५० हजार डॉलर मिळाले. पुढे त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले, जॅग्वार गाडी उडवली. तरी तो १९९४ पर्यंत पकडला गेला नाही. म्हणजे कर्जाचा धोका खोटा नाही, हे आम्ही मान्य करतो. पण पत्र लिहिले काय म्हणून बेलीची चौकशी होते आणि पगारात न बसणारी श्रीमंती नऊ वर्षे खपून जाते, हे कसे?

२०१७ पासून लागू असलेले नियम तुलनेने समंजस आहेत. नोकरी गेली, आजारपण आले, घटस्फोट झाला आणि माणूस प्रामाणिकपणे फेड करत असेल, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. हिशोब न लागणारी श्रीमंतीही तपासली जाते. मात्र १९८८ च्या ईगन खटल्यापासून क्लिअरन्स नाकारणे योग्य की अयोग्य, यात न्यायालये सहसा शिरत नाहीत. आणि अर्जात न दिसणारे एक पान आहेच. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या ठरवल्या गेल्या, तिथे घरकर्ज नाकारले गेले. ज्यांना घर उभे करू दिले नाही, त्यांच्या नातवंडांकडे आजारपणात मोडायला काही उरत नाही. मग थकबाकी होते आणि ती 'चारित्र्य' म्हणून वाचली जाते.

हे दूरचे समजू नका. आपल्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधील नियम १७ सांगतो की सरकारी नोकराने कायमचे कर्जबाजारीपण टाळावे. कर्ज उधळेपणाने नव्हे, आवाक्याबाहेरच्या कारणाने झाले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्याच माथी आहे. घरातला पहिला पदवीधर शैक्षणिक कर्ज, बापाचे दवाखान्याचे बिल आणि बहिणीचे लग्न पाठीवर घेऊनच नोकरीला लागतो. वडिलोपार्जित जमीन असणाऱ्याला हा भार सिद्ध करावाच लागत नाही.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेही बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून. आपल्या शिक्षणाला बंधन चिकटूनच येते. म्हणून नोकरीतल्या तरुणांनो, कर्ज लपवू नका. बिले, पावत्या, बँकेशी झालेला पत्रव्यवहार जपा; कोर्टाची नोटीस आली तर कार्यालयाला लगेच लेखी कळवा. आणि संघटनांनी मागणी लावून धरावी: कर्ज तपासायचे तर त्याचे कारणही तपासा, आणि सिद्ध करण्याचा भार व्यवस्थेनेही उचलावा. गरिबी हा गुन्हा नाही आणि गद्दारी तर नाहीच.

जयभीम!