स्थानिक इतिहासावरून हॉटेलचे फर्निचर : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
मोजक्या खोल्यांच्या आणि स्वतंत्र सजावटीच्या हॉटेलास 'बुटीक हॉटेल' असे म्हटले जाते. अशा हॉटेलांसाठी परिसराच्या इतिहासावरून खास फर्निचर घडवून घेण्याची पद्धत आता रूढ होत आहे. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण सावंतवाडीच्या राजवाड्याचे आहे. तेथील बुटीक हॉटेलची सजावट गंजिफा या चित्रपरंपरेवर बेतलेली असून, त्याच राजवाड्यात चित्रकार दशावतारी गंजिफाची १२० पाने रंगवीत आले आहेत. प्रेरणा आणि कारागीर दोन्ही तेथे एका छपराखाली आहेत.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत अशी एका संस्थानाने जोपासलेली एकच कला नाही. म्हणून येथे 'ऐतिहासिक' म्हणून पेशवाई महिरप अथवा राजस्थानी कोरीवकाम आणून ठेवण्याचा मोह संभवतो. या परिसराचा इतिहास फर्निचरमध्ये उतरवावयाचा झाल्यास तो कोठे शोधावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाड्यातील वस्तुव्यवस्था :
मराठवाड्यातील जुन्या वाड्यात आजच्या अर्थाने फर्निचर फारच थोडे होते. कपाटाचे काम भिंतीतील फडताळ, कोनाडा व दिवळी करीत. धान्य बळदात अथवा पेवात असे. बसणे-उठणे जमिनीलगत होते. ढाळजेत जाजम, ओसरीवर घोंगडी, बैठकीवर लोड-तक्के आणि पंगतीला पाट. लातूरच्या गंजगोलाईतून १६ रस्ते निघतात. अशा बाजारपेठेतील आडत दुकानात व्यापारी गादीवर मांडी घालून बसे आणि पुढ्यातील उतरत्या मेजावर वही लिही. तेव्हा गंजगोलाईचा नकाशा मेजाच्या फळीवर कोरला म्हणजे लातूरचा इतिहास हॉटेलात आला, असे म्हणता येणार नाही. तो इतिहास त्या मेजाच्या उंचीत आणि उतारात आहे. कमी उंचीची रुंद बैठक, भिंतीत बसविलेले फडताळ व लिहिण्याचे उतरते मेज या तीन वस्तू कोणत्याही नक्षीपेक्षा या परिसराची अधिक खरी ओळख देतील. ज्यांना जमिनीलगत बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्ची अर्थातच हवी. परंतु तिला उगाच प्राचीनतेचा साज चढवू नये.

प्रांताच्या सीमा आणि कारागिरी :
दुसरा प्रश्न 'स्थानिक' या शब्दाचा आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे बिदरीकाम ज्या बीदरचे आणि रंगीत लाकडी खेळणी ज्या निर्मळची, ती दोन्ही गावे आज परराज्यात असली तरी या लोकांच्या जुन्या जिल्ह्यांतील होती. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून बीदर किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने पृष्ठभाग काळा करावयाचा, ही बिदरीची पद्धत. अंथरलेला फर्श हलू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर ठेवावयाची 'मीर-ए-फर्श' ही वजनेही बिदरीत घडविली जात. जमिनीवरील बैठकीची संस्कृती वाडा व दरबार या दोहोंत समान होती, याचा हा बोलका पुरावा होय. बिदरीची कड मेजाला शोभेल, ती या नात्याने.

आजच्या सीमेच्या आतही साधने आहेत. किनवटच्या जंगलात सागवान आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर येथील केंद्रात राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते. त्याच हातांची साधी खादी गादीच्या अभ्र्याला सर्वथा योग्य ठरेल. मात्र नांदेड हे श्री गुरू गोविंदसिंगजींच्या अखेरच्या वास्तव्याने पावन झालेले तीर्थक्षेत्र आहे. श्रद्धेची चिन्हे बसण्याच्या किंवा पाय ठेवण्याच्या वस्तूंवर उमटविणे सर्वस्वी अनुचित होय.

किल्लारीनंतरचे लाकूड :
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाचा उल्लेख टाळून येथील घरांविषयी लिहिता येत नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरील मातीचे ओझे यांनी हजारो माणसे गाडली गेली. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, परंतु खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. दगडी तळखड्यावरील खांब, त्यावरील तुळई आणि खाचेत बसविलेले सांधे यांचे सामर्थ्य त्यावेळी दिसून आले. फर्निचर घडविणाऱ्याने या परिसरापासून शिकावयाचा खरा धडा तो सांधा होय.

पुढे ५२ गावांचे स्थलांतर झाले. जुने वाडे आजही पडतात आणि त्यांचे सागवान विकले जाते. हॉटेलमालकास ते स्वस्त व देखणे वाटेल. तथापि ते लाकूड कोणत्या गावचे, कोणत्या प्रकारच्या घराचे, याची नोंद ठेवल्याशिवाय ते घेऊ नये. दुर्घटनेतील घराचे असल्यास त्या कुटुंबाची संमती असावी आणि पाहुण्यांपुढे त्याचे प्रदर्शन मांडू नये. एका घराचा आधार राहिलेली तुळई दुसऱ्याच्या दिवाणखान्यात केवळ शोभेची वस्तू होऊन पडणे, हा इतिहासाचा आदर नव्हे.

निष्कर्ष :
१) नांदेड-लातूर परिसराचा इतिहास नक्षीपेक्षा बैठकीची उंची, भिंतीतील साठवण आणि लाकडी सांधा यांत अधिक सापडतो.
२) 'स्थानिक' कारागिरी ठरविताना १९५६ पूर्वीच्या सीमा व जुने व्यवहार विचारात घ्यावेत.
३) जुन्या लाकडासोबत त्याची नोंदही हॉटेलात यावी.
४) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी उरलेल्या वाड्यांतील बैठका, फडताळे व सांधे यांची मोजमापे घेऊन ठेवावीत. सुतारास चित्र देण्यापूर्वी ते माप हाती असणे आवश्यक आहे. वाडा पडल्यावर ते घेता येणार नाही.