तार तीच, बिल वेगळं

मोबाइलचा प्लॅन बदलण्यात आपली पिढी तरबेज आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, दोनशे रुपये वाचवायचे आणि चार मित्रांना सांगायचं. पण विजेची कंपनीसुद्धा बदलता येते म्हटलं की पुण्या-नागपूरकडचे मित्र चमकतात. "म्हणजे महावितरण सोडून दुसरं काही असतं?" असतं. मुंबईच्या उपनगरांतला बराचसा भाग २००९ पासून हे करतोय. (मुलुंड-भांडुपकर नाहीत, ते महावितरणचे. आणि शहरातले बेस्टवालेही नाहीत, पण ते पुढे.)

गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी वीज नियामक आयोगाचे जुने आदेश वाचत बसलो होतो. रटाळ भाषा, शेकडो पानं, तक्ते. पण एकदा धागा सापडला की भलतीच रंगतदार गोष्ट आहे. प्रश्न साधाच होता : ज्यांनी कंपनी बदलली त्यांचे पैसे खरंच वाचले का?

आधी पात्रपरिचय. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे भिवपुरी, भिरा आणि मग ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र. टाटांचा धंदा मुळात घाऊक : वीज बनवायची आणि गिरण्या, रेल्वे, बेस्ट अशा मोठ्या गिऱ्हाइकांना विकायची. उपनगरात घरोघरी वीज पोचवायचं काम १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएसकडे होतं. तीही बरीचशी वीज टाटांकडूनच घ्यायची. १९९५ पासून तिचं स्वतःचं डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र आलं. २००३ च्या सुमारास ही कंपनी रिलायन्सकडे गेली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये अदानींकडे. नावं बदलत गेली, खांब आणि केबल तेच राहिले.

आता कायदा. २००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात एकापेक्षा जास्त परवानाधारकांना मुभा दिली. टाटा म्हणाले, आमच्याकडे परवाना आहे, आम्ही किरकोळीतही विकणार. रिलायन्स म्हणाली, तुमचा परवाना घाऊक विक्रीपुरता. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ८ जुलै २००८ रोजी कोर्टाने टाटांच्या बाजूने निकाल दिला : छोट्यातल्या छोट्या ग्राहकालाही टाटा वीज विकू शकतात.

पण विकणार कशातून? उपनगरात टाटांच्या तारा फारच थोड्या. सगळे रस्ते पुन्हा खणायचे का?

त्यातच जून २००९ मध्ये रिलायन्सची दरवाढ जाहीर झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. बरेच पक्ष रस्त्यावर उतरले, आणि जुलैमध्ये आयोगाने वाढीला स्थगिती देऊन कंपनीच्या हिशेबांची तपासणी लावली. ही स्थगिती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मग १५ ऑक्टोबर २००९ रोजी आयोगाने तो प्रसिद्ध आदेश दिला : ग्राहकाने टाटांकडे जावं, वीज मात्र रिलायन्सच्याच तारांतून यावी. तारांचं भाडं, म्हणजे वहन आकार, रिलायन्सला मिळेल. या प्रकाराला 'चेंजओव्हर' म्हणतात.

मुंबईकराला हे एका वाक्यात सांगता येतं : खानावळ बदलली, डबेवाला तोच राहिला. (बेस्ट ही महापालिकेची, आणि कायद्याने तिला आपल्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती नाही. म्हणून दादरकर या खेळात नाहीत.)

नव्या खानावळीचं जेवण तेव्हा खरोखर स्वस्त होतं, विशेषतः जास्त युनिट जाळणाऱ्यांसाठी. टाटांकडे जुनी, भांडवल कधीच वसूल झालेली जलविद्युत केंद्रं होती. रिलायन्सला डहाणूपलीकडची वीज बाजारातून महाग घ्यावी लागत होती. पुढच्या दोन वर्षांत घरं, दुकानं, ऑफिसं यांनी धडाधड अर्ज केले.

इथपर्यंत गोष्ट 'स्पर्धा आली, ग्राहक सुखी झाला' अशी सरळ वाटते. पण बिल उलगडून बघू.

पहिला भाग क्रॉस-सबसिडीचा. आपल्याकडे महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्याला खर्चापेक्षा कमी दर लावतात, आणि ती तूट ५०० युनिटवाले आणि दुकानदार यांच्याकडून भरून काढतात. आता हेच वरचे लोक उठून टाटांकडे गेले तर? मागे राहिलेल्यांत चाळीतला आणि झोपडपट्टीतला ग्राहक जास्त, आणि त्याचं ओझं वाहणारे कमी. म्हणजे जाणाऱ्याच्या बचतीतला काही भाग टाटांच्या स्वस्त विजेचा होता, आणि काही भाग निव्वळ वर्गणी चुकवल्याचा. जाणाऱ्याने काही वावगं केलं असं नाही, नियमच तसा होता. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बिलावर त्या एकत्र दिसतात.

हे आयोगाच्याही लक्षात होतं. २०११ मध्ये टाटांकडे गेलेल्या ग्राहकांवर क्रॉस-सबसिडी अधिभार लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये तर आयोगाने टाटांना सांगितलं, वर्षभर चेंजओव्हरने फक्त ३०० युनिटपर्यंतचीच घरगुती गिऱ्हाइकं घ्या आणि ११ वॉर्डांत स्वतःचं जाळं टाका. कारण टाटा मलई तेवढी काढून नेतात, ही रिलायन्सची तक्रार. (अपिलात, २०१४ मध्ये, हा आदेश बऱ्याच अंशी रद्द झाला.)

दुसरा भाग मागच्या उधारीचा. ती २००९ ची स्थगिती आठवतेय? दर वाढला नाही म्हणून खर्च थांबला नव्हता. स्थगिती सप्टेंबर २०१० मध्ये उठली, पण न वसूल झालेली रक्कम वर्षानुवर्षं व्याजासकट साठत गेली. हिला नियामकांच्या भाषेत 'रेग्युलेटरी असेट' म्हणतात. कंपनीच्या दृष्टीने असेट, आपल्या दृष्टीने उधारी! २०१३ च्या आदेशात ही रक्कम हप्त्याहप्त्याने वसूल करायचं ठरलं, आणि तो आकार टाटांकडे गेलेल्यांच्या बिलातही आला. अनेकांना हा अन्याय वाटला. मला वाटत नाही. खानावळ बदलली म्हणून जुन्या खानावळीची वही फाटत नाही.

तिसरा भाग दरांचा. दर दोन्ही कंपन्यांचे आयोगच ठरवतो आणि ते बदलत राहतात. २०१३ नंतर वरच्या स्लॅबमध्ये टाटांचा फायदा आटला, काही ठिकाणी उलटलाच, आणि गेलेली गिऱ्हाइकं परत येऊ लागली. एप्रिल २०२४ मध्ये टाटांचे दर बरेच वाढले तेव्हाही असंच झालं, फक्त या वेळी समोर अदानी होते.

म्हणजे बदलूच नये का? तसं नाही. पण हिशेब नीट करावा. माझ्या ओळखीतले बहुतेक जण मे महिन्याचं बिल आलं की संतापून अर्ज करतात, आणि इथेच गोची होते. समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. 'क' कंपनीचे दर पहिल्या १०० युनिटला ३ रुपये, पुढच्या २०० ला ६, त्यापुढे ९. 'ख' कंपनीचे ४, ६ आणि ७. मे महिन्यात एसीमुळे ४०० युनिट जळले : 'क' चं बिल २४०० रुपये, 'ख' चं २३००. महिन्याला १०० वाचणार, म्हणजे वर्षाला १२००! आता उरलेलं वर्ष बघा. २५० युनिटच्या महिन्यात 'क' १२०० घेते, 'ख' १३००. तीन महिने उन्हाळ्याचे आणि नऊ महिने साधे धरले तर ३०० रुपये वाचले आणि ९०० गेले. १२०० ची बचत वाटली होती, प्रत्यक्षात ६०० चा भुर्दंड. इथे ३५० युनिटला दोघांचं बिल सारखं येतं. आपला महिना त्या रेषेच्या कुठल्या बाजूला किती वेळा पडतो, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून माझी पद्धत सांगतो. बारा महिन्यांची युनिटं एक्सेलमध्ये टाका (बिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतोच). मग दोन्ही कंपन्यांचे सगळे आकार लावा : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि असेल तो अधिभार. जाहिरातीत दिसतो तो बहुधा यातला एकच. वर १६ टक्के वीज शुल्क. शेवटी फक्त वर्षाची बेरीज बघा. आणि नवा दर-आदेश आला की पुन्हा बसा.

हे आपल्यालाच जमत नाही असं समजू नका. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकांना १९९८-९९ पासून वीजपुरवठादार निवडता येऊ लागला. तिथे विल्सन आणि वॉडम्स प्राइस या दोन संशोधकांनी निव्वळ दरासाठी कंपनी बदलणाऱ्यांचा अभ्यास केला. साधारण पाचातला एक ते तिघातला एक जण आधीपेक्षा महाग कंपनीकडे गेलेला निघाला!

आज हे सगळं उकरण्याचं कारण म्हणजे हा प्रयोग मुंबईपुरता राहील असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात हीच कल्पना देशभरासाठी होती : एकाच तारेवरून अनेक कंपन्यांनी वीज विकायची. ते विधेयक मंजूर झालं नाही, पण कल्पना वारंवार परत येते. उद्या ती पुण्यात, नाशकात आली तर 'विजेचं पोर्टिंग' म्हणून टाळ्या पडतील. तेव्हा दोन प्रश्न विचारायचे. माझी बचत स्वस्त विजेतून येतेय की कुणाची तरी वर्गणी चुकवून? आणि १०० युनिटच्या आतल्या माणसाची तूट आता कोण भरणार? हे उत्तर आधी ठरवलं नाही तर काय होतं ते मुंबईने पाहिलंय. वर्गणी चुकत नाही. दोन वर्षांनी ती अधिभाराच्या नावाने, व्याजासकट, दारात येते.