जू सोडलं की घर

मोटरहोमला मराठीत काय म्हणावं? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी पर्यटन धोरण मंजूर केलं, तेव्हा ‘कॅरॅव्हॅन’ हाच शब्द ठेवला. वर्तमानपत्रांत ‘फिरतं घर’, ‘चाकांवरचं घर’ असं छापून येतं. पण ते वर्णन झालं, नाव नव्हे. कुणी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतो, आतली बाकडी काढतो, त्या जागी पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतो. गॅरेजात येणारा-जाणारा थांबून विचारतो, ‘काय करून घेताय हे?’ त्याला एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या बोलण्यात आणि रानात हा शब्द शोधला, तर तो तयारच सापडतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी कॅरॅव्हॅनचा हिशेब करू. मूळ शब्द फारसी ‘कारवान’, म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला, तिथे झाकलेल्या गाडीला लागू झाला आणि पुढे त्याचं नुसतं शेवटचं अक्षर उरलं: ‘व्हॅन’. शाळेची व्हॅन, दुधाची व्हॅन, पोलिसांची व्हॅन या सगळ्या त्या काफिल्याच्याच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या राजधानीत ‘कारवान’ नावाचा मोहल्ला आजही आहे. म्हणजे हा शब्द आपल्या वाटेवर दोनदा आला, एकदा हैदराबादेकडून आणि एकदा विलायतेकडून. पण दोन्ही वेळा तो काफिला राहिला किंवा गाडी झाला. मराठी कानाला त्यात घर ऐकू आलं नाही.

घर ऐकू येतं ते बैलगाडीच्या भाषेत. ‘गाडी सोडली’ हे वाक्य घ्या. कळंबच्या बसस्थानकात कंडक्टर म्हणाला, ‘गाडी सोडली’, तर एसटी निघाली. तेच वाक्य शेतकऱ्यानं म्हटलं, तर गाडी थांबली: बैलांच्या मानेवरचं जू उतरलं, जोती सुटली, वैरण पुढ्यात पडली. एकाच क्रियापदाचे हे दोन उलटे अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. इंजिनाला सोडलं की ते धावतं, बैलाला सोडलं की तो विसावतो. ‘जू’ हे संस्कृत ‘युग’चं आणि ‘जोत’ हे ‘योक्त्र’चं मराठी रूप, दोन्ही ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूतले. जोडलं की प्रवास, सोडलं की मुक्काम.

आता ‘बिऱ्हाड’ या शब्दाकडे या. हा संस्कृतातून आलेला नाही. कन्नडमध्ये ‘बिडार’ म्हणजे उतरायची जागा, तात्पुरतं राहण्याचं ठिकाण. त्यातल्या ‘ड’ आणि ‘र’ यांनी मराठीत येताना जागा बदलल्या आणि ‘बिऱ्हाड’ झालं. ‘बिडार’च्या मुळाशी ‘बिडु’ हे क्रियापद आहे: सोडणे, मोकळं करणे. म्हणजे जिथे सोडलं ते बिडार. तमिळमध्ये याच कुळातला ‘वीडु’ हा शब्द घराला वापरतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मोक्ष असा आहे. दक्षिणेच्या भाषांनी घर आणि सुटका एकाच मुळावर उभी केली. चालुक्यांच्या काळातले कन्नड शिलालेख धाराशिव जिल्ह्यात आहेत, उमरग्याच्या बाजूला आजही कन्नड बोलली जाते. अशा मुलखात हा शब्द शेजारधर्मानं आला असेल तर नवल नाही. मराठीनं त्याला आपली एक जोडही दिली. आपल्याकडे बिऱ्हाड म्हणजे राहण्याची जागा, तसंच राहायला लागणारं सामान आणि त्या सामानासकटची माणसंसुद्धा. ‘बिऱ्हाड हललं’ म्हणताना भांडी, अंथरुणं आणि लेकरं सगळी एकदम हलतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या पाहिल्या की हा शब्द पुस्तकाबाहेर येतो. रबरी चाकांची टायरगाडी असते. तळाशी ज्वारी-बाजरीची पोती, त्यावर अंथरुणांचं गाठोडं, बाजूला भांड्यांचं पोतं, पाण्याचे ड्रम, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, मागे बांधलेली शेळी, डालग्यातल्या कोंबड्या. या सगळ्यावर म्हातारं माणूस किंवा लहान पोर. सामान रचायची रीत ठरलेली: रात्री आधी लागणारी वस्तू सर्वांत वर आणि हाताशी. कारखान्याच्या तळावर पोचल्यावर बांबू वाकवून कमान करतात, वर ताडपत्री किंवा चटई ओढतात, की कोपी तयार. माणसाला वाकूनच आत जावं लागतं. खोप, खोपट आणि पाखराचा खोपा हे याच घरातले शब्द. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने तेच घर.

या तळावर माणसं मोजतात ती ‘कोयत्या’नं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. ‘कोयता’ही कन्नडच्या ‘कोय्’ म्हणजे कापणे या धातूतून आलेला. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हजेरी कोयत्यावर लागते. माणसाची गणती त्याच्या हत्याराच्या नावानं व्हावी, हे मला बोचतं. म्हणूनच ‘बिऱ्हाड’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. त्या हिशेबात हा एकच शब्द असा आहे की ज्यात माणूस मजूर नसतो, घरधनी असतो.

घर आणि वाटचाल यांचं हे नातं फार जुनं आहे. ‘गाव’ हा शब्द ‘ग्राम’वरून आला, हे शाळेत शिकलो. पण वेदकाळात ‘ग्राम’ म्हणजे काय होतं? शतपथ ब्राह्मणात शर्यात मानवाची गोष्ट येते. तो आपल्या ‘ग्रामा’सह हिंडत असतो आणि च्यवन ऋषीच्या जवळ येऊन उतरतो. गाव घेऊन कुणी हिंडत नाही. म्हणून विल्हेल्म राउ या जर्मन अभ्यासकानं दाखवलं की ‘ग्राम’ म्हणजे आधी गाड्या, गुरं आणि माणसं यांचा चालता जथा. तो एका जागी स्थिरावला तेव्हा त्या जागेला ग्राम म्हणू लागले. असे दोन जथे समोरासमोर आले की ‘संग्राम’. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घराला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात घराच्या गाठी सोडण्याची आणि ते उचलून हवं तिथे नेण्याची भाषा आहे.

असाच बदल आपल्या डोळ्यांसमोरही झाला आहे. बंजारा समाज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरे. त्या व्यापाराला ते ‘लदेणी’ म्हणत. ‘लमाण’ या नावात ‘लवण’ म्हणजे मीठ आहे. त्यांच्या चालत्या काफिल्याचं नाव ‘तांडा’. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, लदेणी संपली, तांडे स्थिरावले. आज मराठवाड्यात रस्त्याकडेच्या पाट्यांवर तांडा हे वस्तीचं नाव म्हणून लिहिलेलं असतं. ग्रामाचं जे झालं, तेच तांड्याचं. ‘वस्ती’चीही तीच कथा. संस्कृत ‘वसति’मध्ये रात्र काढण्याचा अर्थ आहे, आणि तो अर्थ मराठीत जिवंत ठेवला आहे एसटीनं. संध्याकाळी खेड्यात येऊन पहाटे निघणाऱ्या बसला आपण ‘वस्तीची गाडी’ किंवा ‘मुक्कामी गाडी’ म्हणतो. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री त्याच बसमध्ये अंथरूण टाकतात. ‘मुक्काम’ अरबी, ‘वस्ती’ संस्कृत, गाडी लाल, आणि झोप दोन बाकांच्या मधल्या जागेत.

गाडीत रात्र काढणं इथे नवं नाही. धाराशिव जिल्ह्यातलंच तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनाच्या पुस्तकात तगरचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, आणि तिथला माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जातो, असं तिथे नोंदलं आहे. भडोच ते पैठण वीस दिवस. एवढ्या प्रवासात गाडीवानाला रात्री गाडीखाली किंवा गाडीतच काढाव्या लागणार. या भागात गाडीचं घर होणं ही गोष्ट निदान दोन हजार वर्षांची आहे.

आता गॅरेजात उभ्या असलेल्या त्या जुन्या ट्रॅव्हलरकडे वळू. तिचा एकेक भाग हात लावून पाहावा असा आहे. ‘टायर’ हा इंग्रजी शब्द ‘अटायर’ म्हणजे पोशाख यातून निघाला. चाकाला चढवलेला पोशाख. आपल्याकडे लाकडी चाकावरच्या लोखंडी पट्टीला ‘धाव’ म्हणतात. जुनी गाडी घेताना हा पोशाख वरवर नवा दिसतो, पण टायरच्या कडेला चार आकडे ठसवलेले असतात. ‘३२१९’ असेल तर टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं लवकर होतं. त्याच्या आत ‘आस’. हा संस्कृत ‘अक्ष’. ‘क्षेत्र’चं ‘शेत’ झालं तसा अक्षाचा आस झाला. लॅटिनचा ‘अक्सिस’ आणि इंग्रजीचा ‘ॲक्सल’ याचे भाऊबंद. पाण्याची टाकी आसाच्या जवळ बसवावी, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन; ते मागच्या टोकाला टांगलं तर पुढची चाकं रस्त्यावर हलकी पडतात.

ट्रकच्या आणि ट्रॉलीच्या मागच्या भागाला आपण ‘हौदा’ म्हणतो. हा अरबी ‘हौदज’: उंटाच्या पाठीवर बांधलेली, पडदे लावलेली बसायची जागा. म्हणजे हौदा मुळात चालत्या जनावरावरची खोलीच. ऊस भरायला लागल्यावर ती खोली उघडी पडली. आज कुणी हौद्यावर पत्र्याचं छप्पर घालून खिडकीला पडदा लावतो, तेव्हा तो शब्द त्याच्या पहिल्या अर्थाकडे परत नेतो. आणि आतली शेगडी? संस्कृतात ‘शकट’ म्हणजे गाडा, ‘शकटी’ म्हणजे लहान गाडा, आणि निखारे ठेवायच्या हलवता येण्याजोग्या भांड्याला ‘अंगारशकटी’ म्हणत. त्या ‘शकटी’ची मराठी ‘शेगडी’ झाली. बंगल्यातल्या ओट्यावर कायमची बसवलेली शेगडीसुद्धा नावानं गाडीच आहे. चालत्या गाडीत ती बसवताना एक पथ्य पाळायलाच हवं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवायचं.

जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना ‘जुना’ हा शब्दच उत्तर देतो. ‘जूर्ण’चा प्राकृतात ‘जुण्ण’ झाला आणि मराठीत ‘जुना’. ‘जीर्ण’ हा त्याचा सख्खा भाऊ. देवळाच्या बाबतीत आपण जीर्णोद्धार म्हणतो: जे झिजलं ते पाडायचं नाही, उचलून उभं करायचं. कळंबच्या उन्हाळ्यात पत्रा भाजतो, म्हणून छताला आतून फोमचा थर देणं. इंजिनाची बॅटरी उतरू नये म्हणून दिवे-पंख्यासाठी वेगळी बॅटरी ठेवणं. पायाखालची मॅट उचलून गंज खरवडणं, हा सगळा उद्धारच. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. धाराशिवच्या ‘एमएच २५’च्या नोंदीत तो बदल चढला की घर कायद्यानंही घर होतं.

या कामाला एक फार सुंदर शब्द आपल्याकडे आहे, तो आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे घराघरात पोचला: ‘योगक्षेम’. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या या शब्दाचा अर्थ भाष्यकार सांगतात, नाही ते मिळवणं आणि आहे ते राखणं. वेदात मात्र त्याचा अर्थ अधिक उघडा आहे. योग म्हणजे जुंपणं, क्षेम म्हणजे वसणं. ‘क्षेम’ ज्या ‘क्षि’ धातूतून आलं, त्यातूनच ‘क्षेत्र’, म्हणजे आपलं शेत. जुंपून निघणं आणि उतरून राहणं यांची जोडी म्हणजे आयुष्य नीट चालणं. आणि ‘संसार’? ‘सम्’ अधिक ‘सृ’: सरत राहणं, पुढे जात राहणं. तत्त्वज्ञांनी या शब्दाला जन्ममरणाच्या फेऱ्याचं ओझं दिलं. मराठी बायकांनी त्याच शब्दात पातेली, परात, पोळपाट मांडले आणि ‘संसार थाटला’ म्हटलं. एवढ्या चालत्या शब्दाला एवढं स्थिर घर मराठीनं दिलं, याचं मला कौतुक वाटतं.

तर माझी सूचना अशी: मोटरहोमला ‘बिऱ्हाडगाडी’ म्हणावं. ‘चलगृह’ किंवा ‘वाहनगृह’ असे शब्द बनवता येतील, पण ते पाटीवरच राहतील. बिऱ्हाडगाडी कळंबच्या बाजारात उच्चारली तर कुणी अर्थ विचारणार नाही. जागा, सामान आणि माणसं हे तिन्ही अर्थ त्यात आयते आहेत, आणि ‘सोडणं’ त्याच्या मुळातच आहे.

या नावाचा दुसरा लाभ मला अधिक मोठा वाटतो. हौसेनं हिंडणारं कुटुंब आणि पोटासाठी हिंडणारं कुटुंब यांना ते एका शब्दात बसवतं. सरकारच्या धोरणात पर्यटकांच्या गाड्यांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ सांगितले आहेत. ते व्हायलाच हवेत. पण पाच-सहा महिने कोपीत राहणारं बिऱ्हाडही बिऱ्हाडच आहे. रात्री पाणी, दिवा आणि दार असलेला संडास त्यालाही तितकाच लागतो. नाव एक ठेवलं, तर एकाला सोय देऊन दुसऱ्याला विसरणं आपल्याला आपल्याच भाषेत अवघड जाईल, आणि ते अवघड गेलंच पाहिजे.