पेठ : एका शब्दाचा मागोवा

ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण होत असताना निघणाऱ्या या स्मरणिकेत बाजाराच्या शब्दावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, देऊळ आणि बाजार ही आपल्याकडील गावांची दोन जुनी भेटीची ठिकाणे आहेत. देवाच्या वारी बाजार भरावा, जत्रेला दुकाने लागावीत, आणि बाजारकऱ्याने पाटी उतरण्यापूर्वी देवाला हात जोडावेत, ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. या दोन ठिकाणांचा संबंध किती खोल आहे, हे 'पेठ' या साध्या शब्दाच्या इतिहासावरून फार चांगले समजते. म्हणून हा प्रपंच.

मराठीत बाजाराला एक शब्द नाही, अनेक आहेत. हाट, बाजार, पेठ, मंडई, गंज. हे सगळे शब्द एकाच घरातून आलेले नाहीत. बाजारात जसा निरनिराळ्या गावांचा माल येतो, तसेच बाजाराचे हे शब्दही निरनिराळ्या दिशांनी आपल्याकडे आले आहेत.

'हाट' हा संस्कृत 'हट्ट' या शब्दापासून आला. हिंदीत आणि बंगालीत तो आजही आठवडी बाजारासाठी वापरतात. 'मंडई'चे मूळ 'मंडपिका' या शब्दात आहे. मंडपिका म्हणजे मालावरचा कर घेण्याची जागा, नाका. पुढे त्या जागेभोवती बाजार वाढला आणि नाक्याचे नाव बाजाराला मिळाले. उत्तरेकडील 'मंडी' आणि मुंबईच्या बंदराजवळची 'मांडवी' ही याच घराण्यातील नावे होत. 'गंज' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ खजिना, साठा. त्यावरून धान्याच्या किंवा मिठाच्या घाऊक बाजाराला गंज म्हणू लागले.

'बाजार' हा शब्दही इराणातून आला. तिसऱ्या शतकातील सम्राट शापूर पहिला याच्या शिलालेखात दरबारी माणसांच्या यादीत बाजारप्रमुखाचा उल्लेख आहे, इतका तो शब्द जुना. तेथून तो पूर्वेस हिंदुस्थानात आला, तसाच पश्चिमेसही गेला. तुर्की भाषेत 'पाझार' म्हणजे बाजार आणि पाझार म्हणजेच रविवार. हंगेरीच्या भाषेत रविवारला 'वशारनप' म्हणतात, त्याचा अर्थ बाजाराचा दिवस. आपल्याकडे नागपुरात इतवारी आणि बुधवारी आहेत, आणि गावोगावी म्हातारी माणसे 'सोमवारच्या बाजाराला येतो' असा वायदा करतात. वार आणि बाजार यांची अशी सांगड दूरदेशीही पडलेली पाहून कौतुक वाटते.

आता मुख्य शब्दाकडे वळू. 'पेठ' हा शब्द उत्तरेचा नाही आणि इराणचाही नाही. भाषेचे अभ्यासक त्याचे नाते दक्षिणेकडील भाषांशी जोडतात. कानडीत 'पेटे', तेलुगूत 'पेट', तमिळमध्ये 'पेट्टै' असे त्याचे भाऊबंद आहेत. बंगळूरचा जुना भाग म्हणजे पेटे. केंपेगौडाने तो १५३७ साली वसविला, असे मानतात. चिक्कपेटे, बळेपेटे ही तेथील नावे. चेन्नईत सैदापेट, चिंताद्रीपेट आहेत, तेलंगणात नारायणपेट आहे. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात पेठ नावाचा तालुका आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगाव आहे. काहीजण पेठ या शब्दाचा संबंध पैठणशी लावतात, तो बरोबर नाही. पैठण हे 'प्रतिष्ठान' या नावाचे रूप होय.

दक्षिणेचा शब्द मराठीत कसा आला, याचे आश्चर्य वाटू नये. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे आपल्या घरातले शब्दही कानडीशी नाते सांगतात. मराठी आणि कानडी मुलूख एकमेकांना लागून, आणि व्यापारी दोन्हीकडे फिरणारे. बाराव्या शतकातील कोल्हापूरच्या एका कानडी शिलालेखात याचा चांगला पुरावा आहे. निंबदेव नावाच्या सामंताने कोल्हापूरच्या बाजारात जैन मंदिर बांधले. त्यासाठी ऐहोळेच्या पाचशे व्यापाऱ्यांचा जो प्रसिद्ध संघ होता, त्याच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून आपापल्या मालावर ठराविक हिस्सा देण्याचे ठरविले. अशा देवघेवीतून मालाबरोबर शब्दही येतात आणि राहून जातात.

मग मराठी माणूस बाजाराला कधी बाजार आणि कधी पेठ का म्हणतो? दोहोंत फरक आहे. बाजार भरतो आणि उठतो. पेठ भरत नाही, ती 'वसवावी' लागते. आपली भाषाच हे सांगते. सकाळी पाले लागली, संध्याकाळी उठली, तो बाजार. जेथे व्यापारी बायकामुलांसह राहिला, त्याच्या शेजारी कासार, सोनार, तांबोळी, तेली, कोष्टी यांची घरे झाली, ती पेठ. म्हणून पेठ या शब्दात दुकानाइतकेच घरही आहे.

अशी पेठ वसायची कशी? मराठेशाहीच्या कागदपत्रांत याची पद्धत दिसते. नवी पेठ वसविण्यासाठी सरकारातून 'कौल' दिला जाई. कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द. तुम्ही येऊन राहा, घरे बांधा, उदीम करा, अमुक वर्षे तुमच्याकडून कर घेणार नाही किंवा कमी घेऊ, असे त्याचे स्वरूप असे. व्यापाऱ्यांना बोलावून आणण्याची आणि पेठेचा बंदोबस्त ठेवण्याची जबाबदारी शेटे-महाजनांकडे असे. गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे पेठेला शेटे-महाजन. शेटे, महाजन, पेठे, पेठकर ही आडनावे आजही आपल्यात आहेत. कागदोपत्री ज्या गावाला 'कसबे' म्हणत ते बाजार असलेले मोठे गाव, आणि साध्या खेड्याला 'मौजे' म्हणत.

पुणे शहर हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. मूळ कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली. आजच्या बुधवार पेठेचा आरंभ औरंगजेबाच्या मुक्कामात १७०३ साली झाला आणि तेव्हा तिचे नाव मुहियाबाद होते. रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर. पुढे पेशवाईत या पेठांना वारांची नावे मिळाली. काही पेठांना माणसांची नावे दिली गेली. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या आणि रास्ता पेठ रास्ते सरदारांच्या नावाची. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ उभी केली, तीही याच जुन्या परंपरेत बसते. राज्यकर्त्याने शब्द द्यावा आणि व्यापाऱ्याने त्यावर विश्वास ठेवून यावे, हे पेठेचे मूळ भांडवल होय.

तथापि जुन्या काळाचे केवळ गुणगान करून चालणार नाही. पेठेतील हक्क वंशपरंपरेचे होते. धान्य विकायला बसलेल्या बाईच्या पाटीतून हक्कदार मूठभर धान्य उचली, त्याला 'फसकी' म्हणत. मूठ कोणाची आणि किती मोठी, यावर गरिबाची मिळकत ठरे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना बाजारातही दुरूनच व्यवहार करावा लागे. पेठ सर्वांची झाली ती आपोआप नाही, त्यासाठी माणसांना झिजावे लागले. ज्या बुधवार पेठेचा वर उल्लेख केला, तेथेच भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. गंज पेठेतील आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला. ती गंज पेठ आज महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते. देवळाच्या दाराचेही तसेच. पंढरीच्या विठ्ठलाचे दर्शन सर्वांना मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.

आता बाजाराचा आणि देवळाचा, तसाच विद्येचा संबंध पाहू. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला. त्या मठाला दिलेल्या देणग्या लेखाच्या शेवटी मराठीत कोरल्या आहेत. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला जो हिस्सा मिळे, तो मठाला दिला. तेलाच्या घाण्यांमागेही तेल लावून दिले. विकाऊ मालाला त्या लेखात 'केणे' असा जुना मराठी शब्द आहे. गणिताची शाळा बाजारातल्या पैपैशावर चालली, ही गोष्ट प्रत्येक दुकानदाराने आपल्या मुलांना सांगावी अशी आहे.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात 'चौऱ्याशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध शिलालेख आहे. तो शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला आहे. त्यात देवळासाठी द्रव्य देणाऱ्यांची यादी कोरलेली आहे. यादव राजा रामचंद्र आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांच्या बरोबरीने इतर भक्तांचीही नावे त्याच दगडावर आहेत. म्हणजे वर्गणीदारांची यादी लावण्याची आपली रीत निदान साडेसातशे वर्षांची आहे. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची नावे छापली आहेत, ती त्याच परंपरेतील समजावीत.

देवळाने बाजाराला काय दिले, हेही सांगितले पाहिजे. तमिळ देशात अनेक मंदिरांच्या भिंतींवर मोजमापाच्या काठ्यांची लांबी कोरलेली आढळते. वाद पडला तर देवाच्या भिंतीवरचे माप खरे. आपल्याकडेही शेर, पायली, मण, खंडी ही मापे गावोगावी थोडी वेगळी असत, आणि त्यामुळे गरीब शेतकऱ्याची फसगत होई. १९५६ च्या कायद्याने देशात एकच मापपद्धती ठरली आणि १९५८ पासून किलोग्रॅम आणि लिटर टप्प्याटप्प्याने बाजारात आले. आता माप खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी भिंतीकडे जावे लागत नाही. परंतु माप धरणारा हात पूर्वीचाच आहे.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. आपण 'बाजारहाट' म्हणतो, त्यात इराणचा बाजार आणि संस्कृतातला हाट शेजारी बसले आहेत. 'बाजारपेठ' म्हणतो, त्यात इराण आणि दक्षिण देश एकत्र आले आहेत. आपल्या पूर्वजांनी यातला कोणताही शब्द परका म्हणून दूर सारला नाही. ज्याने येऊन राहायचे ठरविले, त्याला त्यांनी जागा दिली. पेठ वसते ती अशी.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, पूर्वी पेठेला सरकारचा कौल लागे. आज बाजारतळ ग्रामपंचायतीकडे आहे आणि देऊळ विश्वस्तांकडे. कौल देणारे आता आपणच आहोत. बाजारतळावर जागा अडवली जाणार नाही, परगावहून आलेल्या भाजीवाल्या बाईला बसायला सावली आणि प्यायला पाणी मिळेल, माप खरे राहील, देवळाचे दार सर्वांना सारखे उघडे राहील आणि वर्गणीचा जमाखर्च दरवर्षी फळ्यावर लागेल, एवढा शब्द आपण एकमेकांना दिला पाहिजे. कळस चढविण्याचे काम गवंड्यांनी आणि देणगीदारांनी पार पाडले. हा शब्द पाळण्याचे काम पुढच्या प्रत्येक बाजाराच्या दिवशी आपणा सर्वांना करायचे आहे.